टाच, गुडघा, कंबर, दात

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये निसटली, हातभर खाली आली आणि कशावर तरी आदळून थांबली. आत सहा-सात माणसे होती. एकाच्या हातातले पुडके पडले, एक जाड गृहस्थ भिंतीला धरून हळूहळू खाली बसले, तिच्या नणंदेच्या काखेतली रेक्झीनची गुंडाळी सुटून सगळ्यांच्या पायांत पसरली. ती मात्र उभी होती. आपली मान एकदा मागे जाऊन पुढे आली एवढे तिला कळले, केसांतला चाप निघून खांद्यावर लोंबतो आहे हेही कळले, पण धक्का कुठून आला ते कळले नाही. लोक एकमेकांना लागलं का, लागलं का, असे विचारत होते. कोणीतरी घंटेचे बटण दाबूनच धरले होते. ती आपल्या पायांकडे कान लावून उभी राहिली, बंद दारावर थाप मारून आतून कोणी ओ देते का याची वाट पाहावी तशी. ओ आली नाही. त्या जाड गृहस्थांनी खालूनच विचारले, "बाई, तुम्हाला काही झालं नाही?" तर तिच्याऐवजी नणंद म्हणाली, "आमच्या वहिनींना काही व्हायचं नाही. सगळा जन्म आदळण्यात गेलाय. लागलं असेल तर लिफ्टला." माणसे हसली. भीती गेल्यावर माणसे कशालाही हसतात. मग कोणीतरी बाहेरून दार फाकवले, स्टूल लावले, आणि एकेकाला हाताला धरून वर ओढून घेतले. मार्गिकेत नळीचे दिवे होते, दोन्ही बाजूंना कापडाची आणि रेक्झीनची दुकाने होती, खाली पांढरी फरशी. बरेच चालून गेल्यावर नणंद थांबली आणि खाली पाहत म्हणाली, "वहिनी, तुमची दुसरी चप्पल कुठंय?" तिने खाली पाहिले. डावा पाय उघडाच फरशीवर टेकला होता. फरशी गार असणार. पाहून तरी गार दिसत होती.

परत येताना गाडीत नणंद रेक्झीनबद्दल बोलत राहिली. रंग तोच मिळाला, पिवळी नावाच्या जुन्या बोटीच्या गाद्यांचा, तपकिरी. पण पूर्वीचा माल जाड होता, आताचा म्हणजे पापुद्रा. बोटींच्या गाद्या नणंदच शिवायची. नवरा गेल्यावर भावाकडे राहायला आली ती शिवणयंत्र घेऊनच, आणि पहिल्याच आठवड्यात तिने जाहीर केले होते की या कारखान्यात बसायची जागा एकाही माणसाला बेतता येत नाही. ती ऐकत होती आणि ऐकत नव्हती. मांडीवर हात ठेवून तिने नखाने एक चिमटा काढला. तिथे लागले. गुडघ्याच्या वर चार बोटे लागले. गुडघ्यावर दुसऱ्याच्या गुडघ्याला कोणी चिमटा काढावा तसे झाले. त्याच्या खाली वाकून नणंदेसमोर चिमटे काढत बसणे तिला बरे वाटले नाही. खिडकीबाहेर दुकाने, सिग्नल, पाठीवर दप्तरे घेतलेली मुले सरकत होती. गाडी एका उंचवट्यावरून गेली, चालक शिव्या घालत पुटपुटला, नणंदेने "आई गं" म्हटले. तिने सवयीने धक्का मोजायला घेतला. टाच. टाचेत काही नाही. काही नाही म्हणजे संपले, मोजणे तिथेच संपते. आणि मग तिच्या लक्षात आले की आपण गेला सगळा हंगाम हेच करत आलो आहोत. तेव्हा तिला जे वाटले ते भीतीसारखे नव्हते. आपण कोणाच्या तरी घरात शिरून काहीतरी फोडून आलो आहोत आणि त्यांना अजून माहीत नाही, तसे ते होते.

हे मोजणे त्यांच्या कारखान्याचे. दुसरीकडे कुठे असेल असे तिला वाटत नाही. लग्न होऊन ती आली तेव्हा सासरे सपाट तळाच्या बोटी बांधत. सपाट तळाची बोट पाण्यावर चटकन उचलली जाते आणि पळते, पण लाटेवरून सुटून खाली आली की पाणी तिला फरशीसारखे लागते. नवऱ्याच्या डोक्यात वेगळे होते. तळाला मध्ये कण्याशी धार काढायची, दोन्ही बाजूंना खोल उतार द्यायचा, म्हणजे बोट पाण्यावर पडणार नाही, पाण्यात शिरेल, आणि धक्का पसरत पसरत येईल. सासरे म्हणायचे, मग ती उचलायला इंजिन काय देवाकडून आणणार, आणि उभी असली की झोपाळ्यासारखी डुलेल ते वेगळंच. दोघांचेही खरे होते. मऊ बोट जड पळते, पळणारी बोट हाडे मोडते. या दोन टोकांच्या मध्ये कुठे थांबायचे एवढाच तो सगळा धंदा. नवऱ्याच्या पहिल्या धारदार बोटीत तो तिला घेऊन गेला तेव्हा ती नवी नवरी होती आणि समुद्राला घाबरत होती. चपला काढून, पुढचा दांडा धरून, डोळे गच्च मिटून ती त्याच्या शेजारी उभी राहिली होती. किनाऱ्याला आल्यावर त्याने गंमत म्हणून विचारले, "कसं वाटलं?" ती म्हणाली, "पहिला धक्का टाचेत राहिला. मधला गुडघ्यापर्यंत आला. शेवटी वळताना बसला तो कंबरेत." तो हसला नाही. बोट बाहेर काढून त्याने तळाला हात लावून पाहिला, आणि वळताना जी बाजू पाण्याला लागते तिथली पट्टी त्याला बोटभर जाड सापडली.

तेव्हापासून ती पद्धत पडली. बोट हाकणाऱ्याचे धरायचे नाही, कारण त्याला लाट आधी दिसते, गुडघे आपोआप वाकतात, शरीर लबाडी करते. डोळे मिटून अनवाणी उभे राहणाऱ्याचे धरायचे. मोजायचे खालून वर. धक्का टाचेत जिरला तर बोट उत्तम. गुडघ्यापर्यंत आला तर चालेल. कंबरेत बसला तर पुन्हा घासायची. दात वाजले तर सासऱ्यांचा शब्द असा होता की ती बोट शत्रूला विकावी. हे चार शब्द कारखान्यात इतके मुरले की कामगार कशालाही लावायचे. एखाद्याची सासू राहायला आली की दुसरा विचारायचा, "काय रे, कंबर का दात?" आणि नणंदेच्या हाताची भाजी खाऊन एक रंगारी अगदी गंभीरपणे म्हणाला होता, "टाच आहे, पण मीठ गुडघ्यापर्यंत आलंय." नवरा जास्त बोलणारा नव्हता. पाण्यातून येताना इंजिन बंद करून तो एकच शब्द विचारायचा, "कुठे?" आणि तिने सांगितले की त्यावर दुसरा प्रश्न कधी विचारायचा नाही. तिच्या आयुष्यात दुसऱ्या कोणी तिचे बोलणे असे, न तपासता, उचलून धरलेले तिला आठवत नाही. आई-वडिलांनी नाही, सासऱ्यांनी नाही. एरवी घरात पडद्याचा रंगही तिच्या मनाने आला नव्हता. पण समुद्रावर ती जे म्हणेल ते त्याच्या हातातून लाकडात जायचे.

एका वर्षी एक बोट दात निघाली. कोणा शर्यतवाल्याला घाई होती, सासऱ्यांनी तळ सपाटाकडे नेला होता, आणि वारा उलटा होता. तिला तेव्हा तिसरा महिना चालू होता. कोणाला सांगितले नव्हते, कारण सांगण्याइतके दिवस झाले नव्हते असे तिच्या मनाने धरले होते. संध्याकाळी घरात काय झाले ते नणंदेच्या आधीच्या पिढीतल्या बायकांनी धुतले, पुसले आणि त्यावर पडदा टाकला. बोटीला कोणी दोष दिला नाही. तिनेही दिला नाही. नवरा खोलीच्या दारापर्यंत आला, उभा राहिला, आणि "कुठे?" असे विचारायला त्याचे ओठ हलल्यासारखे तिला वाटले, मग तो गेला. सकाळी कारखान्यातून रंध्याचा आवाज येऊ लागला तो कितीतरी दिवस थांबला नाही. त्यातून पिवळी झाली. तिचा तळ त्याने बापाला विचारून केला नाही आणि कागदावरही काढला नाही. धार इतकी खोल की बघणारे म्हणायचे, ही काय बोट आहे की कुऱ्हाड. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या पुढे नाकापर्यंत न नेता मध्येच निमुळत्या करून सोडल्या होत्या. पहिल्या फेरीला समुद्र चांगला उसळलेला होता. ती डोळे मिटून उभी राहिली आणि बोट लाटेवरून सुटली. हवेत असताना ती दात आवळून वाट पाहत राहिली, आणि खाली आली तेव्हा टाचेखाली कोणीतरी तळहात धरला असावा असे वाटले. किनाऱ्यावर त्याने विचारले, कुठे. ती म्हणाली, "टाच. टाचेतसुद्धा पुरती नाही." दोघांनी त्या संध्याकाळच्या गोष्टीबद्दल आयुष्यात जे काय बोलणे केले ते एवढेच. पुढे त्यांना मूल झाले नाही.

पिवळीसारख्या चार-पाच बांधल्या गेल्या. एक जळाली, एक खडकावर गेली, बाकीच्या लोकांनी कापून टाकल्या, कारण त्या काळात पळणाऱ्या बोटींची चलती आली होती आणि धारेचे कौतुक कोणाला उरले नव्हते. पिवळीच्या तळावरून काढलेला साचा जागा अडवतो म्हणून सासऱ्यांनी फोडायला लावला. आणि मग गेल्या वर्षी एका तरुण बोटमालकाला कुठल्याशा गोदामात, ताडपत्रीखाली, पहिली पिवळी सापडली. तो ती गाडीवर चढवून थेट कारखान्यात घेऊन आला. नवरा बोटीभोवती फिरला, खाली झोपून त्याने कण्यावरून हात फिरवला, आणि उठला तेव्हा त्याच्या पाठीला, केसांना सगळा भुगा लागला होता. तो झटकायचेही त्याला सुचले नाही. मालक म्हणाला, "मिस्त्री, हिला पूर्वीसारखी करा. इंजिन मात्र आताचं बसवू. आणि चांगली झाली तर हिच्यावरून साचा काढू, अशा पुष्कळ करू, तुमच्याच नावाने." तुमच्याच नावाने, हे शब्द त्याने सहज उच्चारले होते. नवऱ्याचे वय अशा ठिकाणी येऊन पोचले होते की तिथे असले शब्द सहज आत जातात.

नवे इंजिन जड होते. पहिल्या फेरीत पिवळीची शेपूट खाली बसली. तिने सांगितले, गुडघा. ते खरे होते, आता आठवून पाहिले तरी ते खरेच होते. त्याने इंजिनाचे ओझे पेलायला मागच्या भागात कण्याची धार थोडी बोथट केली, हाताच्या तळव्याएवढा सपाट पट्टा केला. असे केल्याने बोट पळेल, पण धक्का वाढेल, हे त्याला शाळेत न जाताही ठाऊक होते आणि तिलाही. दुसऱ्या फेरीत त्याने विचारले, कुठे. ती म्हणाली, टाच. त्याने तिच्याकडे पाहिले. त्याने दुसरा प्रश्न विचारला नाही, कारण तो विचारायची पद्धत नव्हती. कारखान्यात येऊन तो कितीतरी वेळ बोटीखाली बसून राहिला. सपाट केल्यावर मऊ झाली. जे कोणाला साधले नाही, मऊही आणि पळणारीही, ते त्याच्या हाताखाली आपोआप होत होते, आणि का होते आहे ते त्याला कळत नव्हते. त्याने आणखी सपाट केले. पुढच्या पट्ट्या रुंद केल्या. तिने सांगितले, टाच, तीही पुरती नाही. तिला स्वतःलाच आनंद झाला होता; ते तेच शब्द होते. शेवटी त्याने कण्यावर ग्राइंडर धरला आणि मूळची धार जवळजवळ सगळी उतरवली. त्या फेरीत तिने काहीच नाही असे सांगितले. तो इंजिन बंद करून पाण्यावर तसाच बसून राहिला आणि तिच्याकडे न पाहता त्याने तिच्या हातावर हात ठेवला. तिला आठवते, त्या फेरीत जबडा खडखडत होता. नव्या इंजिनाचा थरकाप, असे तिने धरून चालले होते. हल्ली डोळे मिटले की तोल जाई म्हणून ती दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरू लागली होती, तेही वयामुळे असेल असे वाटले होते. टाच गप्प होती, आणि टाच गप्प असेल तर वरचे मोजायचे नसते.

नणंद गप्प बसणारी नव्हती. "चप्पल पायातून जाते आणि बाईला पत्ता नाही, हे काही नखऱ्याचं लक्षण नाही," असे म्हणून तिने भावाला न सांगता तिला डॉक्टरकडे नेले. डॉक्टर म्हणजे पोरगीच होती, केस आखूड, टेबलावर हाडांचा एक पिवळट सांगाडा, त्याच्या गळ्यात कोणीतरी मफलर बांधलेला. तिने तपासायच्या पलंगावर झोपायला सांगितले, पायमोजे काढायला सांगितले, हातात एक टाचणी घेतली आणि म्हणाली, "आजी, डोळे मिटा. टोचलं की सांगायचं, कुठे." ती डोळे मिटून पडली. पंख्याचा आवाज येत होता. कुठे, हा शब्द या अर्थाने दुसऱ्या कोणाच्या तोंडून तिने पहिल्यांदाच ऐकला होता. थोडा वेळ गेला तशी सवयीने ती म्हणाली, "टाच." मग डॉक्टरचा आवाज आला, अगदी हळू, "आजी, मी अजून काही केलं नाहीये." पुढे पुष्कळ वेळ गेला. तिला वाटले डॉक्टर हत्यार शोधते आहे. डोळे उघडले तर नणंद खुर्चीवर तोंडाला रुमाल लावून बसली होती आणि आपल्या दोन्ही पावलांवर, पोटऱ्यांवर लाल लाल ठिपके होते, पिसवांनी खाल्ल्यासारखे.

पाठीचे फोटो काढले, त्यांत तिचा कणा दिसला. मणके एकमेकांवर बसले होते, ओझ्याखाली खोकी चेपतात तसे, आणि मधून जाणारी नस दबली होती. डॉक्टरने विचारले, कधी पडला होता का उंचावरून, अपघात वगैरे. नणंद म्हणाली, "रोज. त्यांचा धंदाच तो." जे गेले आहे ते परत येण्याची आशा धरू नका, असे डॉक्टरने सांगितले, आहे ते टिकवायचे, धक्का अजिबात नको. ऑपरेशनचे विचारल्यावर तिने दोन्ही हात थोडे उचलले आणि परत टेबलावर ठेवले. बाहेर आल्यावर नणंद जिन्याच्या कठड्याला धरून म्हणाली, "दादाला मी सांगते." ती म्हणाली, "नको वन्सं. ते माझ्याकडूनच जायला हवं. दुसऱ्या कोणाचं ते धरत नाहीत."

नवरा कारखान्यात पिवळी उलटी ठेवून तळ पॉलिश पेपरने घासत होता. दुसऱ्या दिवशी मालकाची माणसे साचा काढायला येणार होती. दारातून ऊन आत आले होते, राळेचा आंबूस वास होता, आणि तो गुणगुणत होता. तो गुणगुणतो हे तिला माहीतच नव्हते. ती लाकडाच्या ढिगावर बसली. कसे सुरू करायचे ते तिने गाडीत ठरवले होते, ते सगळे गेले. ती म्हणाली, "अहो, माझे पाय गेलेत." तो घासत घासतच म्हणाला, "मग बस ना. उन्हातून आलीस." ती म्हणाली, "तसं नाही. मला कळत नाही पायात. डॉक्टरने टाचण्या टोचल्या, कळलं नाही. कधीपासून ते ठाऊक नाही. पहिल्या फेरीला होतं. दुसऱ्यापासून मी जे सांगितलं ते..." त्याचा हात थांबला होता, पण कागद तळावर तसाच दाबलेला होता. तो म्हणाला, "सगळंच?" ती म्हणाली, "पहिलं गुडघा म्हटलं तेवढं खरं." तो वळला नाही. दारातून एक कुत्रे आत आले, वास घेऊन परत गेले. मग तो म्हणाला, "शेवटच्या फेरीला माझे दात वाजले होते." तिला आधी समजलेच नाही. "एवढे वाजले की जीभ चावली. त्याच्या आधीच्या फेरीला कंबरेत कळ आली होती, दोन दिवस वाकता येत नव्हतं." ती म्हणाली, "मग बोलला का नाहीत?" तो म्हणाला, "हाकणाऱ्याचं आपण कधी धरलंय?" आणि थोड्या वेळाने, "मला वाटलं मी म्हातारा झालो. वाटलं, बोट मऊ झाली आणि आपल्यात सोसायची ताकद राहिली नाही."

तो तिच्याजवळ येऊन बसला. ढिगावर जागा कमी होती, दोघांचे खांदे लागत होते. समोर पिवळीचा तळ होता, गुळगुळीत, रुंद, चकाकणारा, आणि ती नीट पाहू लागली तर तो कोणाचाही असू शकला असता. सासऱ्यांचा असू शकला असता. ती म्हणाली, "परत करता येईल? भर घालून, धार काढून?" त्याने तळाकडे पाहिले. "कशावरून करू?" तो म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता. तो खरोखर विचारत होता. साचा फुटला होता, बाकीच्या बोटी गेल्या होत्या, धार भुगा होऊन झाडून टाकली होती. डोळ्यांनी अंदाज घेऊन पुन्हा काढली असती तरी ती बरोबर आली की नाही हे सांगणारे कोणी राहिले नव्हते. तिने दोन्ही हात मांड्यांवर ठेवले, जिथून खाली काही नव्हते तिथे. बोटीखालची तिरकी सावली सरकत सरकत तिच्या पावलांवर आली. गार वाटायला हवे होते.

मालकाला त्याने सगळे सांगितले. तळ माझ्या हातून बिघडलाय, हिच्यावरून साचा काढू नका, मी काढू देणार नाही, असे अगदी सरळ शब्दांत. मालक वाईट माणूस नव्हता. त्याने ऐकून घेतले, खुर्ची ओढून बसला, पाणी प्यायला. मग म्हणाला, "मिस्त्री, मी स्वतः चालवून पाहिलीय. कसली उचलते, कसली पळते. तुमचं समाधान कधी होतच नाही, सगळे सांगतात मला. म्हणून तर मोठे तुम्ही." नवरा म्हणाला, "हाडं मोडतील लोकांची." मालक म्हणाला, "अहो, लोक तासभर फिरतात, फोटो काढतात आणि परत येतात. कोणाला रोज जायचंय?" तो हसला, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की मिस्त्रींची इच्छा नसेल तर इथे नको, साचा दुसरीकडे काढू, नाव मात्र तुमचंच राहील, त्यात तडजोड नाही. नवऱ्याने नाव काढायला सांगितले. मालकाला तोही विनय वाटला.

पिवळी नेली त्या दिवशी मालकाबरोबर त्याची बायको आली होती. केस उडू नयेत म्हणून तिने डोक्याला फडके बांधले होते, हातात चपला घेऊन ती बंदराच्या धक्क्यावरून अनवाणी चालत होती आणि दगड तापलेत म्हणून उड्या मारत होती. नणंदेने शिवलेल्या तपकिरी गादीवर बसून तिने हात फिरवला, "कित्ती छान," म्हणाली. नणंदेने तोंड फिरवले. ती मात्र बधिर पाय टाकत, कठड्याला धरून, बोटीच्या अगदी जवळ गेली आणि वाकून म्हणाली, "बाई, बसू नकोस. उभी राहा. गुडघे वाकवून ठेव, आणि डोळे उघडे. लाट दिसली पाहिजे तुला." मालकाची बायको कपाळावर हात धरून वर पाहू लागली. म्हाताऱ्या माणसांशी बोलताना वापरतात त्या आवाजात ती म्हणाली, "एवढ्या मऊ गाद्या आहेत काकू, उभी कशाला राहू? तुम्ही पण चला ना, जागा आहे." तिने नको म्हणून मान हलवली. मालकाने इंजिन सुरू केले, पिवळीने शेपूट दाबली, आणि मग चटकन, सहज, पूर्वी कधी उचलली गेली नव्हती इतकी सहज उचलली गेली आणि पळाली.

ती आणि नवरा दोघे धक्क्यावर उभे राहिले. खाडीचे तोंड ओलांडून बोट मोकळ्या समुद्राला लागली, पहिल्या मोठ्या लाटेवरून सुटली आणि खाली आली. मालकाच्या बायकोची मान मागे जाऊन पुढे आलेली दिसली, फडक्याचा ठिपका खाली-वर झाला. आवाज मागाहून आला, कोरडा, फळीवर फळी आपटावी तसा. तो येईपर्यंत बोट पुढच्या लाटेवर होती. पुन्हा मान, पुन्हा मागाहून आवाज. हसण्याचाही आवाज आला असावा, किंवा पक्षी असतील. नवऱ्याने काही विचारले नाही. बोट लहान होत होत नुसता पांढरा फेस उरला आणि आवाज येतच राहिले, आणि मग तेही थांबले.

"चल," तो म्हणाला. ती वळली, आणि आपली पावले कुठे आहेत ते पाहून तिने एक उचलले. ऊन थेट डोळ्यांवर होते, खाली नीट दिसत नव्हते. त्याने तिचा दंड धरला आणि स्वतःच्या पायाने पुढची जागा चाचपली. "पायरी आहे," तो म्हणाला. तिने पाय खाली सोडला, तो टेकला की नाही याची तिला खात्री नव्हती. तो थांबला होता म्हणजे टेकला असेल. "अजून एक," तो म्हणाला. आणि थोडे पुढे गेल्यावर, "आता सपाट आहे."